वाळवंटातली रात्र कुणाची?

“सहलीला? आणि तीही वाळवंटात? एवढे पैसे वर आले का बायांनो?”

आमच्या वस्तीतल्या १४ जणींनी थरच्या वाळवंटात जाऊन तंबूत राहायचं ठरवलं, तेव्हा हा पहिला प्रश्न कुणाच्या नवऱ्यानं विचारला नाही. तो आमच्याच एका ज्येष्ठ कार्यकर्तीनं विचारला. तिचा राग खोटा नव्हता. रेशन, दारूबंदी, परित्यक्तांची पोटगी यांसाठी जिनं आयुष्यभर चपला झिजवल्या, तिला ‘मजा करायला जातो’ हे शब्द टोचणारच. मलाही सुरुवातीला ते अवघडच वाटलं. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला गरजांचा प्राधान्यक्रम लावायला शिकवलं होतं. त्यात विरंगुळा नेहमी शेवटच्या रकान्यात असायचा, आणि तो रकाना भरण्याआधीच तास संपायचा!

तरीही आम्ही गेलो. दोन वर्षं भिशी लावली, संस्थेचा एक रुपया घेतला नाही आणि २०२३च्या डिसेंबरात रेल्वेनं जोधपूर, तिथून जैसलमेर गाठलं. पाच दिवसांनी परत आलो. त्या पाच दिवसांनी माझ्यापुढे जे प्रश्न उभे केले, ते तुमच्यापुढे ठेवायचे आहेत.

मैत्रिणींनो, बाई घराबाहेर पडते ती कारण घेऊन. देव, माहेर, दवाखाना, बाजार, पाणी, सरपण. आपण चळवळीतल्या बायकांनी त्यात मोर्चा, परिषद आणि शिबिर यांची भर घातली. पण आपलं शिबिरही कसं? सतरंजी, तक्ते, स्केचपेन, गटचर्चा आणि शेवटी अहवाल. म्हणजे तेही कारणच. विनाकारण बाहेर राहणं, नुसतं आकाशाखाली पडून राहणं, हे पुरुषाला जन्मतः मिळतं. पोरं गडांवर जातात, रात्री शेकोट्या पेटवतात, त्यांना कुणी ‘कशाला?’ विचारत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली मुंबईतल्या स्त्रियांबद्दल लिहिलेल्या पुस्तकात हेच मांडलं, की बाईला शहरात निरुद्देश हिंडण्याचा हक्क हवा. मी म्हणते, तो शहराच्या वेशीवर का थांबावा?

स्त्रियांनी तो घेतलेलाही आहे. १९७७ साली रॉबिन डेव्हिडसन ही ऑस्ट्रेलियन तरुणी चार उंट आणि एक कुत्रा घेऊन अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून निघाली आणि सुमारे २७०० किलोमीटर वाळवंट तुडवत हिंदी महासागरापर्यंत पोचली. २००७ साली बचेंद्री पाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय स्त्रियांच्या एका तुकडीनं भुजपासून वाघा सीमेपर्यंत उंटांवरून थर पार केला. आमच्या बायका काही एवढ्या धाडसी नव्हेत. त्यांना फक्त एक रात्र उघड्यावर झोपायचं होतं.

‘उघड्यावर’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. आमच्या वस्तीत सार्वजनिक संडास होण्याआधी बायका पहाटेच्या अंधारात रेल्वेच्या कडेला जायच्या. उघडं म्हणजे लाज, अंधार म्हणजे भीती, हेच समीकरण. दुसऱ्या रात्री गावाबाहेरच्या वाळूवर गोधड्या टाकून आम्ही झोपलो. थंडी अशी की कानटोपीतून कान दुखत होते. धुणीभांडी करणारी आमची एक मैत्रीण बराच वेळ वर बघत होती. मग म्हणाली, “ताई, अंधारात मी पहिल्यांदा स्वस्थ पडलेय. आजवर अंधारात फक्त चालले, तेही भराभर.”

या वाक्यासाठी दोन वर्षांची भिशी वसूल झाली, असं मला वाटलं. लेख इथेच संपवता आला असता. पण पहिल्या रात्रीबद्दल अजून सांगितलेलं नाही.

पहिली रात्र आम्ही पर्यटकांच्या कॅम्पमध्ये काढली. जैसलमेरपासून सुमारे ४० किलोमीटरवर समच्या टेकड्या आहेत, नैऋत्येला साधारण तेवढ्याच अंतरावर खुडी. ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम. त्या भागात तंबूंच्या रांगाच रांगा उभ्या असतात. आमच्या कॅम्पचं नाव घेत नाही, कारण एकट्या त्याची ही गोष्ट नाही. संध्याकाळी जीपगाड्या टेकड्यांवर चढत-उतरत होत्या. अंधार पडल्यावर जनरेटर सुरू झाला, शेकोटी पेटली आणि कालबेलिया नाच सुरू झाला. आमच्या बायका टाळ्या वाजवत होत्या. मग शेजारच्या पुरुषांच्या टोळक्यानं नोटा काढल्या. तो दौलतजादा बघताच आमच्यातली एक, जिची आई तमाशात होती, ती उठून तंबूत निघून गेली.

मी नाचणाऱ्या मुलीला नंतर भेटले. जनरेटरच्या मागे, दोन गाड्यांच्या आडोशाला ती कपडे बदलत होती. कलाकारांसाठी खोली नव्हती, संडास तर नव्हताच. नोटांचं तिला काही वाटत नव्हतं. “वह तो चलता है, दीदी,” म्हणाली. तिची काळजी वेगळी होती. रात्री घरी सोडणारा जीपवाला आज कोण असेल, ही.

कालबेलिया म्हणजे मूळचे गारुडी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर साप बाळगणं गुन्हा ठरला, पुरुषांचा धंदा बसला आणि बायकांचा नाच हा घर चालवणारा उद्योग झाला. २०१० साली युनेस्कोनं ही कला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. गुलाबो सपेरा यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. जन्मताच मुलगी म्हणून ज्यांना जिवंत पुरलं होतं आणि मावशीनं बाहेर काढलं, त्या याच गुलाबो. वारसा यादीत गेला, पण कलाकार जनरेटरच्या मागेच राहिली.

आता यावर ‘नाच बंद करा’ हे उत्तर नव्हे. २००५ साली महाराष्ट्रात डान्सबारवर बंदी आली, तेव्हा आपल्या संघटनांत केवढा वाद झाला होता, आठवत असेल. बंदीनं रोजगार जातो, छळ जात नाही, हे त्या वादातून आपण शिकलो. प्रश्न कामाच्या परिस्थितीचा आहे. राजस्थानातल्याच भंवरी देवी या साथिनीवर १९९२ साली सामूहिक बलात्कार झाला, बालविवाह थांबवण्याचं तिचं काम केल्याबद्दल. त्यातून १९९७ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २०१३चा कायदा. त्या कायद्याखाली कामासाठी केलेला प्रवास आणि मालकानं दिलेलं वाहन हेही कामाचं ठिकाण ठरतं. जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. त्या मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, कॅम्प ठरवताना मीही काहीच विचारलं नव्हतं. गरम पाणी मिळेल का, एवढंच विचारलं होतं!

पाण्यावरून आठवलं. आंघोळीला तंबूमागे दोन बादल्या गरम पाणी मिळालं. दुसऱ्या दिवशी ज्या गावात उतरलो, तिथली यजमानीण त्यातल्या एका बादलीत घरातल्या सगळ्यांचं दिवसाचं पिणं-रांधणं भागवते. टाक्यातलं, म्हणजे जमिनीखालच्या हौदातलं पाणी ती कळशीनं मोजून काढते.

तिनं आम्हाला विचारलं, “यहाँ क्या देखने आई हो? यहाँ तो कुछ है ही नहीं.” आम्ही म्हणालो, शांतता बघायला. ती घुंघटाआडून हसली. मग हळूहळू बोलती झाली. समोरच्या टेकडीवर बकऱ्यांशिवाय किंवा डोक्यावर मोळी असल्याशिवाय ती कधीच बसलेली नव्हती. पूर्वी दिवेलागणीच्या वेळी गावातल्या बायका मिळून त्या बाजूला जायच्या. परसाकडेला जाणं आणि जरा सुखदुःखाचं बोलणं, दोन्ही व्हायचं. आता त्या वेळी तिथे सूर्यास्त बघणाऱ्यांच्या गाड्या असतात, हातात कॅमेरे असतात. बायकांनी ती वाट सोडली.

मैत्रिणींनो, मला इथे थांबावंसं वाटलं. आम्ही बाईचा मोकळा अवकाश शोधायला हजार किलोमीटर आलो होतो, आणि तो अवकाश आमच्यासारख्यांनीच दुसऱ्या बाईकडून काढून घेतला होता.

वाळवंट म्हटलं की आपल्या मनात ‘निर्जन’ हा शब्द येतो. थर निर्जन नाही. जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांत त्याची गणना होते. तिथली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी उपयोगाची आहे. शेकोटीत सर्रास जळणारं फोगाचं झुडूप वाळू धरून ठेवतं. ते संपलं की सरपणासाठी बायकांना आणखी लांब जावं लागतं. ओरण म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथे गाव फांदी तोडत नाही. जवळच ३१६२ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय मरू उद्यान आहे. तिथे माळढोकाची मादी वर्षाला साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. देशभरातल्या रानांत आता दीडशेच्या आसपासच हा पक्षी उरला असेल. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं, पण आज तिथे तो क्वचितच दिसतो. जीप कुठून न्यायची, हा प्रश्न म्हणून साधा नाही.

मग जाऊच नये का? आमच्या ज्येष्ठ कार्यकर्तीचं म्हणणं हेच पडलं. मला ते मान्य नाही. घरी बसण्यानं त्या गावातल्या बायकांना वाट परत मिळणार नाही. कॅम्पवाले आणि नोटा उधळणारे तर जातच राहतील. आपण जावं, पण जाणाऱ्यांच्या रीतीनं नव्हे. कॅम्प ठरवताना विचारावं: इथे किती बाया कामाला आहेत, त्यांना काय मिळतं, संडास आहे का, रात्री घरी कोण सोडतं? चार गटांनी हे विचारलं तर मालक ऐकेल. शक्यतो गावातल्या बायकांच्या घरी राहावं आणि पैसे तिच्याच हातात द्यावेत. शेकोटीशिवाय थंडी भागवावी, गोधडी जास्त न्यावी. पाळीचे पॅड वाळूत पुरू नयेत, पिशवीत घालून परत आणावेत. आम्ही आणले, आणि त्यावरून हसलोही. सूर्यास्ताच्या वेळी टेकडीवर जाण्याआधी गावातल्या बायकांना विचारावं, की ही वेळ कुणाची?

आणि विरंगुळा हा आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर हक्क म्हणून घ्यावा. त्याची किंमत आमच्या बायकांनी मोजली आहे. परत आल्यावर एकीशी घरात आठ दिवस कुणी बोललं नाही. दुसरीची दोन कामं सुटली. ज्या गोष्टीसाठी एवढं सोसावं लागतं, ती चैन कशी?

निघताना यजमानिणीनं विचारलं होतं, तुमच्या मुलुखात काय आहे? समुद्र, आम्ही म्हणालो. “इतना पानी एक जगह?” तिला खरं वाटेना. आमच्या भिशीत आता दोन तिकिटांचे पैसे वेगळे पडताहेत, तिचं आणि तिच्या जावेचं. त्यांच्या घरून सोडतील का, ठाऊक नाही. बकऱ्या कोण बघणार, पाणी कोण आणणार, हे प्रश्न तिथेही आहेतच. तुमच्या गटानं असं काही केलं असेल, त्यात काय चुकलं, काय जमलं, ते जरूर लिहा. आम्हाला हवं आहे.