घनता मोजल्याशिवाय सुरी नको

प्रौढ रुग्णाच्या आतड्यात आतडे शिरले की सर्जनच्या मनात पहिली शंका कर्करोगाची येते, आणि ती यायलाच हवी. लहान मुलांतले इंटससेप्शन बहुधा कारणाविना होते. प्रौढांत मात्र दहापैकी नऊ वेळा त्यामागे काहीतरी असते आणि मोठ्या आतड्यात ते बरेचदा कर्करोगच निघते. पण तिथल्या सौम्य कारणांत लायपोमाचा क्रमांक पहिला. त्याची आठवण अनेकदा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात पडल्यावर होते. तोवर राइट हेमिकोलेक्टॉमी होऊन गेलेली असते.

ही गाठ बहुतेकदा श्लेष्मल आवरणाखाली, सीकम किंवा असेंडिंग कोलनमध्ये वाढते. दोन सेंटिमीटरपर्यंत सहसा तक्रार नसते. चारच्या पुढे गेली की आतड्याची हालचाल तिला पुढे रेटते आणि तिच्यामागे भिंतही ओढली जाते. वारंवार घासून वरचे आवरण सोलवटते, रक्त पडते. कोलोनोस्कोपीत हा व्रण हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो. वरवरच्या बायोप्सीत फक्त सूज आणि मृत पेशी येतात, चरबीपर्यंत चिमटा पोहोचतच नाही.

खरे उत्तर सीटीत असते. चरबीची घनता साधारण उणे ४० ते उणे १२० हाउन्सफील्ड. मात्र इथे एक फसगत होते. आत शिरलेल्या आतड्याबरोबर मेझेंटरीची चरबीही ओढली जाते. ती चंद्रकोरीसारखी दिसते आणि तिच्यात रक्तवाहिन्या असतात. लायपोमा गोलसर, एकसंध, टोकाशी बसलेला. रक्तपुरवठा तुटून गाठ सडू लागली, तर मात्र घनता वाढते आणि खात्री उरत नाही. अशा वेळी कर्करोग समजूनच, आतडे न सोडवता, पूर्ण शस्त्रक्रिया करावी. त्यात गैर काहीच नाही.

पण निदान पक्के आणि आतडे जिवंत असेल, तर ते हलकेच सोडवून मर्यादित भाग काढणे किंवा कोलोटॉमी करून गाठ काढणे पुरेसे ठरते. रुग्णाचे आतडे वाचते, आणि कर्करोगाच्या धास्तीत त्याच्या घरच्यांचे दिवस जात नाहीत. हा फरक आपल्याला छोटा वाटता कामा नये.

यापुढे प्रौढाच्या इंटससेप्शनसाठी सीटी मागवताना अर्जावर 'टोकाच्या गाठीची घनता मोजावी' असे स्पष्ट लिहा, आणि ऑपरेशनला जाण्यापूर्वी रेडिओलॉजिस्टच्या शेजारी बसून तो स्कॅन स्वतः पाहा.