नानकटाई : भट्टीवरची आणि घरची

तीस-चाळीस वर्षांपूर्वी घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या चाळींमध्ये मे महिन्याची सुट्टी लागली की एक हिशेब हमखास मांडला जाई : मैदा किती, साखर किती, तूप किती. सामानाची पिशवी आणि रिकामा पत्र्याचा डबा घेऊन गृहिणी जवळची बेकरी गाठत. कारागीर पीठ मळून देई, पत्र्यावर गोळे मांडले जात आणि भाजण्याची मजुरी चुकती करून भरलेला डबा घरी येई.

जैन घरातील गृहिणी मात्र सामान टाकून परतत नसे. सकाळी ज्या पत्र्यावर अंड्याचे केक भाजले गेले, त्यावर आपली नानकटाई नको, म्हणून पत्रा समोर धुऊन घेणे, त्याला घरचेच तूप लावणे आणि आपला घाणा नजरेआड होऊ न देणे यासाठी ती तासन्‌तास भट्टीच्या धगीत उभी राही. पुढे २००१च्या नियमाने पाकिटावर हिरवा ठिपका आला. तो घटकांची ग्वाही देतो; पत्र्याविषयी तो काय सांगणार?

विलेपार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना १९२९ साली सुरू झाला आणि २०१६मध्ये बंद पडला. अंधेरीकडे जाणाऱ्या लोकलच्या प्रवाशांचा तो परिचित सुगंधही त्याबरोबर गेला. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरील बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. हवेचा विचार करता तो योग्यच. परंतु लाकडी भट्टीची चव आता आठवणीतच राहणार.

घरी नानकटाई करणे कठीण नाही. प्रमाण हिशेबाला सोपे : १०० ग्रॅम तूप, १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम मैदा, चिमूटभर बेकिंग पावडर आणि वेलची. खरी परीक्षा तुपाची. तूप थिजलेलेच हवे. ते साखरेसह पांढरेशुभ्र, हलके होईपर्यंत फेसावे. येथे घाई केली की पुढे काहीही सावरत नाही. मुंबईच्या उन्हाळ्यात तूप पातळ होते आणि गोळे भाजताना पसरून एकमेकांस चिकटतात. म्हणून परात गार पाण्यावर ठेवावी, वळलेले गोळेही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावेत. मैदा मिसळल्यावर मळू नये, केवळ गोळा करावा. सोडा अधिक पडल्यास रंग काळपट आणि चव कडवट होते.

अनेक पाककृतींत बेसन आणि दही दोन्ही असतात. कच्चे दही आणि डाळीचे पीठ एकत्र आले की द्विदल. म्हणून बेसन घालायचे असेल तर दही वगळावे. बेकिंग पावडरमध्ये आम्ल असतेच, त्यामुळे दह्यावाचून काही अडत नाही.

ओव्हनमध्ये १६० ते १७० अंशांवर १५ ते २० मिनिटे पुरतात. ओव्हन नसल्यास जाड कढईत मीठ पसरून, वर कडे ठेवून, झाकण लावून १० मिनिटे तापवावी आणि मंद आचेवर २५ मिनिटे भाजावे. बाहेर काढताना नानकटाई मऊच लागते. ती कच्ची समजून पुन्हा भाजणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. गार झाल्यावर ती आपोआप खुसखुशीत होते.

एवढ्या सामानात वीसेक नग होतात. पूर्वी डबा भरून येई, कारण घरात दहा-बारा खाणारे असत. आज अनेक घरांत वडीलधारी दोघेच उरली आहेत. काळमर्यादा पाळणाऱ्या घरात डब्यावर तारखेची चिठ्ठी लागते : हिवाळ्यात ३० दिवस, उन्हाळ्यात २०, पावसाळ्यात १५. दोघांनी रोज एकेक खाल्ली तरी पावसाळ्यातला डबा वेळेत रिकामा होतो, आणि शेजारच्या मुलांसाठी काही मागे ठेवायची असेल तर घाणा दुप्पट घ्यावा लागतो.