लिनक्स फुकट आहे, मग मेनू अर्धा इंग्रजीत का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. तेव्हापासून सेनगावात ओळखीच्या लोकांच्या जुन्या पीसीवर मी लिनक्स टाकून देतो. भाषा मराठी केली, की हमखास प्रश्न येतो: "अर्धा मेनू इंग्रजीत का?"

फोनला जसा लाँचर, तसा लिनक्सला डेस्कटॉप: मेनू, सेटिंग्ज, विंडो सगळं त्यातच येतं. उदाहरणार्थ जीनोम, १९९७ पासूनचा. त्याचं बरंचसं मराठी भाषांतर पुण्यात रेड हॅटमधल्या मंडळींनी केलं. पण नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, सोबत नवी वाक्यंही आणते. ती मराठीत करायला कुणी नसेल, तर इंग्रजीतच राहतात.

पैशांचंही तेच. केडीईने २०२४ मध्ये प्लाझ्मा ६.२ पासून वर्षातून एकदा देणगी मागणारी सूचना सुरू केली, कारण सर्व्हर आणि माणसं फुकट चालत नाहीत.

देणगी जमत नसेल तरी चालेल. बग नीट लिहून कळवा. जीनोमच्या मराठी गटात दहा वाक्यांचं भाषांतर करा. तपासून ती स्वीकारली गेली, तर पुढच्या आवृत्तीत तुमच्याच गावातल्या पीसीवर दिसतील.