तोल गेल्याचा आकडा, तोल जाण्याचे कारण

खेलो इंडियाच्या शालेय शारीरिक क्षमता चाचणीत लहान इयत्तांतील मुलांसाठी उंची-वजनाखेरीज दोनच गोष्टी आहेत : एका पायावर तोल सांभाळणे आणि दोन चकत्यांना हाताने आलटूनपालटून झपाट्याने स्पर्श करणे. मिनिटात तोल कितीदा गेला, २५ फेऱ्यांना किती सेकंद लागले, एवढे शिक्षकाने टिपायचे. यात गैर काही नाही. परंतु तोल का गेला, हे त्या आकड्यात कोठेच उमटत नाही.

अमेरिकेतील डेल उलरिक यांची १९८५ साली प्रसिद्ध झालेली कारक कौशल्यांची चाचणी निराळ्या वाटेने जाते. चेंडू किती लांब गेला, हे ती विचारीत नाही. फेकताना विरुद्ध बाजूचा पाय पुढे पडला का, कंबर व खांदा वळला का, हे विचारते. (आखाड्यातील जुन्या वस्तादाला हे शिकवावे लागले नसते!) मात्र एकाच मुलाकडे पाहून दोन शिक्षकांनी एकच नोंद करावी, इतकी नजर तयार होण्यास सराव लागतो. बी.पी.एड.च्या अभ्यासक्रमात मापन-मूल्यमापन आहे. पण त्याचा ओढा खेळाडूच्या क्षमतेकडे व खेळांतील कौशल्याकडे. सहा वर्षांचे मूल त्यात हरवते.

त्याहून मोठी विसंगती कायद्यातच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक देते, तो सहावी ते आठवीला, आणि तोही पटसंख्या शंभरावर असेल तर. पहिली ते पाचवी, म्हणजे धावणे, उडी, झेल ही कौशल्ये घडण्याचे वय, वर्गशिक्षकाच्या माथी! तेव्हा प्रशिक्षण द्यायचे तर ते त्यालाही दिले पाहिजे.

शालेय वयातील सुमारे ५ ते ६ टक्के मुलांत हालचालींच्या समन्वयाचा विकासदोष आढळतो. चाळिसांच्या वर्गात अशी दोन मुले. बुद्धी शाबूत, पण नाडी बांधणे, लिहिणे, चेंडू झेलणे जड जाते. सधन घरात अशा मुलाला उपचारतज्ज्ञ मिळतो. ऊसतोड कामगाराच्या मुलाला ‘धांदरट’ ही पदवी मिळते. त्याची अडचण उपासमारीची की समन्वयाची, हेही कोणी पाहत नाही.

अशी नोंद गुणपत्रिकेत जाऊ नये. गुण आले की स्पर्धा आली. नोंदीनंतर पंधरा दिवसांनी त्या मुलासाठी खेळाच्या तासात काय बदलले, हे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने शाळेला विचारावे. शिक्षकाची अशैक्षणिक कामे मात्र आधी कमी करावी लागतील, आणि त्यासाठी शिक्षक संघटनांनी शासनाशी भांडावे.