वारसा त्यांचा, वारसा आपला

नेकनूरच्या बाजारात ऊसतोड्यानं साबणाची वडी घेतली की सरकारचा कर तिथंच कापला जातो. आणि मेलेल्या धनिकाच्या इस्टेटीवरचा कर? १९५३ला आला, १९८५ला गाडला. कारण काय, तर वसुली कमी! चोर सापडत नाही म्हणून चौकीच मोडायची? संपत्तीकर २०१५ला गेला. २०१९ला सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा करदर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला. २०२४च्या निवडणुकीत वारसाकराचं नुसतं नाव निघालं. भाजपनं बोंब ठोकली, काँग्रेसनं हात झटकले.

म्हणे, बापाची कमाई पोराचीच! मग ऊसतोड्याच्या पोराला काय मिळतं? मुकादमाची उचल आणि जात. हा वारसा कोण रद्द करणार? दोस्तांनो, वारसाकर ही भीक नाही, थकलेला हिशेब आहे. मागा तो, आवाज चढवून!