वेगाचा घसारा

घसारा हा शब्द मी आयुष्यभर लिहीत आलो. दर वर्षी मार्चअखेर कुणाच्या ना कुणाच्या वहीत यंत्रांवर इतका, फर्निचरवर इतका, मोटारींवर इतका, असे आकडे मांडण्यातच माझी नोकरी गेली. पण हा रुक्ष शब्द एके दिवशी आपल्याच घरात कुणाची झोप उडवील, असे कधी वाटले नव्हते. दिवाळीनंतर ताईचा फोन आला.

"अरे, याला जरा समजाव. फ्लॅटसाठी साठवलेले पैसे मोडून गाडी घ्यायची म्हणतोय. तीही जुनी! नऊ वर्षांची!"

भाच्याने आणि सूनबाईने सहा वर्षे काटकसर करून सोळा लाख रुपये जमवले होते. फ्लॅटच्या पहिल्या हप्त्यासाठी. आणि आता पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात त्याने एक जर्मन सलून हेरून ठेवली होती. (सलून म्हटले की आपल्याला केशकर्तनालय आठवते; इथे सलून म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली चार दारांची मोटार. हल्ली तिला सेडान म्हणतात.) तीन लिटरचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन, अडीचशेच्या वर अश्वशक्ती. नवी असताना सगळे धरून साठ लाखांच्या घरात पडलेली. दुकानदाराची मागणी साडेचौदा लाख.

"मामा, एवढ्या पैशात आज फक्त नवी क्रेटा येते," भाचा म्हणाला. "मी साठ लाखांची गाडी चौदा लाखांत घेतोय. पंचेचाळीस लाख आधीच्या मालकाने भरलेत. यात माझा तोटा कुठे आहे, तेवढे सांगा."

प्रश्न चोख होता. मी कागद पुढे ओढला.

आयकराच्या हिशेबात मोटारीवर दरसाल पंधरा टक्के घसारा धरतात, तोही उरलेल्या रकमेवर. साठ लाखांचे पहिल्या वर्षी एक्कावन्न, दुसऱ्या वर्षी त्रेचाळीस लाख पस्तीस हजार, असे करत नवव्या वर्षाच्या शेवटी वहीत उरतात सुमारे तेरा लाख नव्वद हजार. म्हणजे दुकानदाराची मागणी आणि माझी वही जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन पोचली होती. मलाच मौज वाटली. मात्र मधल्या वाटेत दोघांची चाल सारखी नसते. चौथ्या वर्षाअखेर वही एकतीस लाख दाखवते. पण अशा गाड्यांना त्या वयात पंचवीस-सव्वीस लाख देणारा भेटला तरी विकणारा हात जोडतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. विमा कंपन्यांचे कोष्टक आणखी निराळे. सहा महिन्यांच्या आत पाच टक्के, वर्षाच्या आत पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, तीनपर्यंत तीस, चारपर्यंत चाळीस आणि पाचपर्यंत पन्नास टक्के कपात. त्यापुढे कोष्टक संपते आणि किंमत दोघांनी मिळून ठरवायची असते. पाच वर्षांच्या पलीकडे विमा कंपनीलाही ठाऊक नसते की ही वस्तू नेमकी कितीची!

आमच्या पिढीला मुळात घसारा कळायलाच उशीर लागला. फियाट आणि अँबॅसॅडरच्या काळात गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. किमतीवर सरकारी नियंत्रण, आणि दारात आलेली गाडी ठरावीक काळ विकायची नाही असा नियम. त्यामुळे वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग, हा उलटा चमत्कार आम्ही डोळ्यांनी पाहिला. १९८३ साली मारुती आली, तेव्हाही नंबर लागलेल्या माणसाकडे लोक जास्तीचे पैसे घेऊन जात. गाडी म्हणजे सोने, विकली तर चार पैसे सुटणारच, ही समजूत त्या टंचाईने घातली. ताईच्या यजमानांनी आपली पद्मिनी अकरा वर्षे वापरून जवळपास घेतलेल्या किमतीला विकली होती, आणि ती गोष्ट घरात अजून अभिमानाने सांगतात. त्या अकरा वर्षांत रुपया किती उतरला, हे मात्र कुणी सांगत नाही. असो.

आता भाच्याच्या गाडीकडे येऊ. पंचेचाळीस लाख गेले कुठे?

पहिला मोठा तुकडा गाडी दुकानातून बाहेर पडतानाच जातो. साठ लाखांत गाडीची किंमत किती आणि सरकारचा वाटा किती, हे एकदा पाहण्यासारखे आहे. मोठ्या सेडानवर जीएसटी आणि उपकर मिळून अठ्ठेचाळीस टक्के लागत. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन सरसकट चाळीस टक्के झाले. नव्या गाडीचे गिऱ्हाईक खूष झाले. पण ज्याची जुनी गाडी दारात उभी होती, त्याच्या गाडीची किंमत त्या रात्री झोपेतच खाली आली. त्यावर रस्ता कर. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला तेरा टक्के, डिझेलला त्याहून जास्त. हे पैसे गाडी विकताना वेगळे मोजून कुणी देत नाही.

दुसरा तुकडा जातो गाड्यांच्या जन्मकहाणीमुळे. अशा गाड्या बहुधा कंपनीच्या नावावर घेतलेल्या असतात. घसारा दाखवून करात सवलत मिळते, तीन-चार वर्षांनी हमीची मुदत संपत आली की साहेब नवी घेतात, आणि एकाच वयाच्या, एकाच काळ्या-पांढऱ्या रंगाच्या गाड्या एकदम बाजारात येतात. विकणारे पुष्कळ, घेणारे मोजके. त्यात नवे मॉडेल आले की जुन्या चेहऱ्याची गाडी एका दिवसात म्हातारी दिसू लागते.

आमच्या या गाडीला आणखी एक कारण होते. पासिंग दिल्लीचे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली परिसरात मज्जाव केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो कायम ठेवला. २०२५ मध्ये त्यात काही ढील मिळाली, पण तोवर नवव्या वर्षीच गाडी परराज्यात काढून टाकायची सवय तिथल्या मालकांना लागली होती. दुकानदार मात्र ठासून सांगत होता, "साहेब, डॉक्टरची गाडी आहे. सिंगल हँड." जुन्या गाड्यांच्या बाजारात इतके डॉक्टर कुठून येतात, हा संशोधनाचा विषय आहे.

तिसरा तुकडा सगळ्यांत मोठा, आणि तो भीतीचा. ही रीत केवळ आपल्याकडची नाही; तिचे उत्तम उदाहरण बीएमडब्ल्यूच्या एम५ या गाडीचे आहे. शतकाच्या सुरुवातीच्या पिढीतल्या एम५ला आठ सिलिंडरचे ४०० अश्वशक्तीचे इंजिन आणि साधा हाताचा गिअर होता. २००५ च्या सुमारास आलेल्या पुढच्या पिढीला दहा सिलिंडर, ५०७ अश्वशक्ती आणि संगणकाने चालणारा गिअर. दोन्ही पिढ्यांच्या गाड्या प्रत्येकी वीस हजारांच्या आसपास तयार झाल्या. म्हणजे दुर्मीळपणा सारखाच, वेग दुसरीचा जास्त, वयही तिचे कमी. तरी आज युरोपच्या बाजारात जाणते लोक जास्त पैसे मोजतात ते पहिलीला. कारण दुसरीच्या इंजिनमधले कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग वेळेआधी झिजते आणि तिचा गिअर रुसतो, हे सर्वांना ठाऊक झाले आहे. इंजिन गेले तर होणारा खर्च गिऱ्हाईक मनातल्या मनात किमतीतून आधीच वजा करते. इंग्लंडमध्ये तर तारखेचाही खेळ आहे. जास्त धूर सोडणारी गाडी २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेली असेल तर वार्षिक कर कमी, त्या दिवशी किंवा नंतर नोंदलेली असेल तर तीनशे पौंडांहून अधिक जास्त. एकाच कारखान्यातल्या दोन जुळ्या बहिणी, आणि धाकटी जन्मभर महाग!

भीती नसेल तर काय होते, हेही आपल्याकडे पाहायला मिळते. स्कोडाने २०१७ साली ऑक्टाव्हियाची आरएस २३० ही वेगवान आवृत्ती भारतात आणली, शोरूमची किंमत २४ लाख ६२ हजार. साऱ्या देशात मिळून पाचशे गाड्या. पुढे २०२० मध्ये आरएस २४५ आली, तिच्या दोनशेच. या गाड्यांनी भाव असा धरून ठेवला की जर्मन थाटाच्या गाड्यांच्या मालकांनी हेवा करावा. गाड्या थोड्या, हे एक कारण; पण दुसरे मला जास्त मोलाचे वाटते. साधी ऑक्टाव्हिया वर्षानुवर्षे आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यातून बाहेर पडत होती. तिचे पुष्कळ सुटे भाग चालतात, आणि तिला हात लावायला न घाबरणारा मिस्त्री औरंगाबादपासून कोल्हापुरापर्यंत कुठेही सापडतो. घसारा किती होणार हे इंजिनच्या ताकदीपेक्षा तो मिस्त्रीच ठरवतो, असे माझे मत होत चालले आहे.

एका रविवारी आम्ही गाडी चालवून पाहायला निघालो. मी मनाशी ठरवून गेलो होतो की नाक मुरडायचे. कात्रजचा बोगदा ओलांडून साताऱ्याच्या रस्त्याला लागलो. पुढे उसाने लादलेली ट्रॉली रेंगाळत होती. भाच्याने इंडिकेटर दिला, पाय किंचित दाबला, आणि पाठीला कुणीतरी सीटमध्ये अलगद रेटावे तसे झाले. ट्रॉली मागे पडली, वेग शंभरच्या आत होता, आणि गाडीत आमचे बोलणे नेहमीच्या आवाजात चालू होते. पंचेचाळीस लाख गमावलेली ती गाडी नऊ वर्षांत बहुधा एका सेकंदानेही मंद झाली नव्हती. वहीतला माझा घसारा त्या खुर्चीत बसल्यावर कुठे जाणवेना. परतताना मी गप्प होतो. भाचा समजला आणि हसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानदाराच्या परवानगीने गाडी ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने ती लिफ्टवर चढवली, खालून बॅटरी मारली आणि लिहून दिले. हवा गेली तरी चालणारे खास टायर, चारही बदलायचे, एक लाख वीस हजार. विजेवर नियंत्रित होणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, एक लाख साठ हजार. ब्रेकच्या डिस्क आणि पॅड, सत्तर हजार. गिअरबॉक्सचे तेल आणि फिल्टर, पंचेचाळीस हजार. इंजिनची तेलगळती, पस्तीस हजार. एकूण चार लाख तीस हजार. गिअरबॉक्सचे तेल जन्मभर बदलावे लागत नाही असे दुकानदार म्हणाला होता, ते विचारले तर मिस्त्री म्हणाला, "कुणाच्या जन्मभर, साहेब? पहिल्या मालकाच्या." शेवटी तो म्हणाला, "टायमिंगची साखळी इंजिनच्या मागच्या अंगाला आहे. ती आवाज करायला लागली तर इंजिन उतरवावे लागेल. आज आवाज नाही. उद्याचे मी लिहून देत नाही."

रात्री ताईच्या घरी तोच कागद पुन्हा काढला. साडेचौदात चार तीस मिळवले की अठरा लाख ऐंशी हजार. त्यावर इथल्या आरटीओत पुन्हा नोंदणी आणि रस्ता कर. भाच्याजवळ सोळा. आधीच्या मालकाने पंचेचाळीस लाख भरले हे खरे. पण गाडीची किंमत साठावरून चौदावर आली म्हणून टायरवाल्याने आपला भाव उतरवलेला नाही. त्याच्या लेखी ती अजून साठ लाखांचीच गाडी आहे. विकत घ्यायला चौदा लाखांची ऐपत लागते आणि पाळायला साठ लाखांची, हे मी त्याला सांगितले. त्यावर सूनबाईने विचारले, "मामा, मग अशी गाडी कुणी घ्यायचीच नाही का?" प्रश्न रास्त होता, आणि मला हात झटकायचे नव्हते. मी म्हटले, घ्यावी. किमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता येत असेल, ती गेली तरी घरातला दुसरा कुठला बेत मोडणार नसेल, आणि दारात रोजच्या कामाला दुसरे वाहन असेल, तर खुशाल घ्यावी. पहिल्या मालकाच्या पैशाने वेग चाखायला मिळतो, त्यात वाईट काय? फक्त तिला कुणी गुंतवणूक म्हणू नये. आणि फ्लॅटच्या हप्त्यातून तर नकोच.

भाचा काही बोलला नाही. ताईने पानावर बोलावले. दोन दिवसांनी त्याने दुकानदाराला नाही म्हणून कळवले, असे सूनबाईकडून समजले. तो माझ्यावर थोडा रागावला होता, आणि मला ते लागले होते.

या गोष्टीला दोन महिने झाले. परवा सकाळी त्याचा मोबाइलवर निरोप आला. त्याच दुकानाची जाहिरात, तीच गाडी, धुऊन पुसून उभी केलेली, फोटोत टायर नवे दिसत होते. मागणी बारा लाख पंचाहत्तर हजार. खाली त्याने एवढेच लिहिले होते : "मामा, अजून थांबू का?"