फोल्डर हरवलेलं नाही, वाट चुकली आहे



आयुधपूजा म्हणजे आपली खंडेनवमी. इथे म्हैसूरमध्ये त्या दिवशी रिक्षापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना हळद-कुंकू लागतं, गाड्यांपुढे कोहळा फुटतो आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या गळ्यातही शेवंतीची माळ पडते. माझ्या ओळखीच्या एका काकांचं सरस्वतीपुरममध्ये कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. चार कॉम्प्युटर, एक राउटर, एक प्रिंटर. तिथल्या अक्कांनी पूजेआधी सगळं नीट पुसलं, सगळे प्लग काढले आणि दसऱ्याची सुट्टी लागली.

सोमवारी सकाळी काकांचा फोन आला. "अरे, सगळा डेटा गेला! अक्कांनी काहीतरी बंद केलं, आता एकाही कॉम्प्युटरवर फोल्डर उघडत नाही. रिपेअरवाला फोनवर म्हणतोय, फॉरमॅट मारावं लागेल."

जीएसटीची २० तारीख तोंडावर. उशीर झाला तर दिवसागणिक दंड, वर थकलेल्या करावर व्याज. मी पोहोचलो तेव्हा अक्का कोपऱ्यात बसल्या होत्या. कुणाशी बोलत नव्हत्या.

पहिलं काम मी केलं ते असं: मुख्य कॉम्प्युटरसमोर बसलो आणि तिथूनच फोल्डर उघडलं. सगळ्या फाइल जागच्या जागी होत्या. अक्कांनी तेव्हा कुठे मान वर केली.

म्हणून आजच्या सदरातली पहिली गोष्ट हीच लक्षात ठेवा. शेअर केलेलं फोल्डर दिसत नाही याचा अर्थ ते पुसलं गेलं असा नसतो. फोल्डर एका कॉम्प्युटरवर असतं, बाकीचे त्याच्या घरी जाऊन ते वाचतात. बहुतेक वेळा घर शाबूत असतं, वाट चुकलेली असते. आणि वाट चुकली म्हणून कुणी घर पाडत नाही. फॉरमॅटचं नाव कुणी काढलं तर आधी नम्रपणे नकार द्या.

वाट शोधायची कशी?

१. एकालाच दिसत नाही की कुणालाच नाही? एकालाच दिसत नसेल तर दोष बहुधा त्या कॉम्प्युटरचा. कुणालाच दिसत नसेल तर मुख्य कॉम्प्युटरकडे किंवा राउटरकडे वळा. मुख्य कॉम्प्युटर झोपी गेला असेल, म्हणजे स्लीपमध्ये असेल, तरी हेच होतं. पॉवर सेटिंगमध्ये त्याची झोप कायमची बंद करा.

२. सगळे एकाच गल्लीत आहेत का? एक लॅपटॉप ऑफिसच्या वायफायवर आणि दुसरा कुणाच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल, तर दोघांवर इंटरनेट चालेल, पण फोल्डर सापडणार नाही. 'गेस्ट' वायफायवरूनही सहसा सापडत नाही. प्रत्येक कॉम्प्युटरचा आयपी पत्ता बघा. छोट्या ऑफिसात पत्त्यांचे पहिले तीन आकडे साधारण सारखे असतात, जसे १९२.१६८.१, आणि शेवटचा वेगळा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. आधी वायर तपासा.

३. आकड्याने उघडतं का, नावाने उघडतं का? फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे मुख्य कॉम्प्युटरचा आयपी पत्ता लिहून एंटर दाबा. मग तसंच नाव लिहून बघा. आकड्याने उघडलं आणि नावाने नाही, तर घोळ नावाचा. दोन्हींनी नाही, तर पुढची पायरी.

४. दार लावून घेतलंय का? मुख्य कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'पब्लिक' असेल तर विंडोज दार लावून बसतं. ऑफिसच्या नेटवर्कला 'प्रायव्हेट' करा आणि फाइल व प्रिंटर शेअरिंग चालू करा. मात्र तोच लॅपटॉप स्टेशनवर किंवा हॉटेलात नेला, तर तिथलं वायफाय 'पब्लिक'च असू द्या. फायरवॉल मात्र कुठेच बंद करू नका.

५. दार उघडलं, पण आत घेत नाही? 'परवानगी नाही' असा निरोप आला तर एका अर्थी बरंच झालं, कारण वाट सापडली आहे. आता प्रश्न ओळखीचा. इथे मागितलेलं नाव आणि पासवर्ड मुख्य कॉम्प्युटरवरच्या खात्याचे असतात, तुमच्या कॉम्प्युटरचे नव्हेत. आणि रोज सकाळी टाकतो तो चार-सहा आकडी पिन इथे चालत नाही, तो फक्त त्याच यंत्रापुरता असतो. पासवर्डच नसलेलं खातंही विंडोज सहसा नेटवर्कवरून आत घेत नाही. मुख्य कॉम्प्युटरवर पासवर्ड बदलला असेल तर बाकीच्यांच्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जुनाच साठलेला असतो. तो काढून नवा टाका.

परवानगीही दोन ठिकाणी असते, एक 'शेअरिंग'मध्ये आणि एक 'सिक्युरिटी'मध्ये. दोन्हींपैकी जी जास्त कडक, ती लागू होते. एकीकडे सगळं मोकळं सोडूनही फाइल सेव्ह होत नसेल तर दुसरीकडे बघा.

मग काकांकडे काय झालं होतं?

तिसऱ्या पायरीवरच चोर सापडला. फोल्डर जोडताना कुणीतरी मुख्य कॉम्प्युटरचं नाव न घालता आकडा घातला होता, शेवटी ५ असलेला. राउटर हे आकडे तात्पुरते वाटतो. तीन दिवस सगळं बंद राहिलं. सोमवारी अक्कांनी आधी राउटर लावला आणि कॉम्प्युटर सुरू होण्याआधीच खिशातले मोबाइल जोडले गेले. ५ नंबर गेला काकांच्याच मोबाइलला आणि मुख्य कॉम्प्युटरला मिळाला ८. तिन्ही कॉम्प्युटर सकाळपासून काकांच्या खिशावर टकटक करत होते!

आम्ही फोल्डर नावाने जोडलं. लगेच पासवर्ड मागितला, कारण जुना पासवर्ड जुन्या आकड्याच्या नावे साठलेला होता. काकांनी ऐटीत पिन टाकला आणि तो अर्थातच चालला नाही. मग मुख्य कॉम्प्युटरवर फक्त शेअरिंगसाठी वेगळं खातं काढलं, त्याला चांगला पासवर्ड दिला आणि काम झालं. शेवटी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन मुख्य कॉम्प्युटरचा आकडा राखून ठेवला, म्हणजे पुढच्या आयुधपूजेलाही तो बदलणार नाही.

सोपा पण धोक्याचा उपाय

आम्ही हे करत असताना ऑफिसातला एक तरुण म्हणाला, "सर, व्हिडिओत दाखवतात की एसएमबी-१ चालू केलं की सगळं चालतं." ते ऐकून मी हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला.

एसएमबी ही कॉम्प्युटरांची आपसात फाइल देण्याघेण्याची भाषा. तिची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकातली. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस तिच्यातल्याच एका छिद्रातून जगभर पसरला. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांचं काम अडलं आणि आपल्या शेजारच्या वायनाडमध्ये एका पंचायत कार्यालयातल्या कॉम्प्युटरांवरही खंडणीची पाटी झळकली. मायक्रोसॉफ्टने त्या छिद्राचं ठिगळ मार्च २०१७ मध्येच दिलं होतं. ज्यांनी अपडेट टाळलं होतं, ते सापडले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून नव्या विंडोज १० मध्ये एसएमबी-१ मुळात बसवलेलंच येत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर प्रो आवृत्तीत आणखी एक बदल झाला. पासवर्ड न मागणाऱ्या जुन्या स्टोरेज डब्यांशी ती जोडलीच जात नाही. तुमच्याकडे अपडेटनंतर असं झालं असेल तर कडी काढून टाकू नका. त्या डब्यावर खातं आणि पासवर्ड तयार करा आणि त्याचंही सॉफ्टवेअर अपडेट करा.

जाता जाता

एका गोष्टीने मात्र मला त्या दिवशी खरा घाम फुटला. "काका, या फोल्डरची दुसरी प्रत कुठे आहे?" असं विचारलं तेव्हा काका गप्प झाले. सगळ्या अशिलांचे हिशेब त्या एका डिस्कवर होते. फॉरमॅटला हो म्हटलं असतं तर? त्याच संध्याकाळी एक बाहेरची हार्ड डिस्क आली. आता दर शुक्रवारी तिच्यावर प्रत निघते आणि डिस्क कॉम्प्युटरपासून काढून कपाटात जाते. सतत जोडलेली ठेवली तर व्हायरस तिलाही गिळतो.

हे काम अक्कांनी स्वतःहून घेतलं आहे. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर मुख्य कॉम्प्युटरचं नाव, त्याचा आकडा आणि कुठलं यंत्र आधी सुरू करायचं याचा क्रम लिहिलेला आहे. पासवर्ड वहीत नाही, तो काकांच्या कपाटात कुलपात आहे. त्या महिन्याची रिटर्न १९ तारखेलाच भरून झाली. काकांनी अक्कांना म्हैसूरपाकाचा डबा दिला आणि म्हणाले, "चूक माझी होती, अक्का. उगाच बोललो तुम्हाला."

तुमच्याही ऑफिसात अशी एक वही असू द्या. आणि आज घरी जाण्याआधी एकच प्रश्न विचारा: आपल्या फोल्डरची दुसरी प्रत कुठे आहे?

भेटू पुढच्या अंकात.